घरची बोली, कचेरीची भाषा आणि इंग्रजी
(वाशीम परिसराच्या भाषा-इतिहासावर एक दृष्टिक्षेप)

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनच्या अखेरीस शाळा उघडून आठवडाही झाला नसेल, तोच एक पालक आपल्या मुलाचा दाखला मागण्यास आले. मुलगा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून चौथी पास होऊन आमच्याकडे पाचवीत आला होता. गृहस्थ फळांचा धंदा करणारे, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. मुलाने पुढे जावे ही तळमळ त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. "सर, दाखला देव. अब इंग्लिश मीडियम में डालना है. उर्दू पढ के क्या मिलता?" असे ते म्हणाले. मी सहज विचारले, "घर में कौनसी जबान बोलते आप?" ते उत्तरले, "हमारे घर में तो उर्दूच बोलते, सर."

दाखला त्यांना दिला गेला. पालकाचा तो हक्कच आहे. परंतु त्यांच्या उत्तरातील एक अक्षर माझ्या मनातून गेले नाही. ते अक्षर म्हणजे 'उर्दूच' मधला 'च'. हा 'च' दिल्ली-लखनौच्या उर्दूत सापडणार नाही. तो मराठीचा 'च' आहे. आपण उर्दूच बोलतो हे सांगताना त्या गृहस्थांना मराठीचा आधार घ्यावा लागला, आणि त्याचा त्यांना पत्ताही नव्हता! त्या एका अक्षरात आपल्या या मुलखाचा काही शतकांचा इतिहास दडलेला आहे. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, घरच्या भाषेमुळे इंग्रजी मागे पडते काय, हे प्रश्न आज घरोघरी विचारले जातात. त्यांचे उत्तर शोधण्यापूर्वी हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आपण कोण आणि काय बोलतो?

प्रथम आजचे चित्र पाहू. वाशीम जिल्हा अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली. त्यांपैकी दहांत आठांच्या आसपास लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. उर्दू सांगणारे दहांत एकाच्या जवळपास आहेत. उरलेल्यांत मुख्यतः हिंदी आणि बंजारा बोली येतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान असून त्या भागातील तांड्यांवर लेकरांच्या कानावर पहिली पडते ती गोरमाटी बोली.

संपूर्ण महाराष्ट्राचे आकडे अधिक बोलके आहेत. २०११ साली राज्यात मुसलमानांचे प्रमाण शेकडा साडेअकरा होते, तर उर्दू मातृभाषा सांगणारांचे प्रमाण शेकडा पावणेसातच्या आसपास होते. याचा अर्थ सरळ आहे. कोकणातील मुसलमान कोकणी-मराठी बोलतो, मेमन आणि बोहरा गुजराती-कच्छी बोलतात, आणि कित्येक घरांनी रकान्यात हिंदी लिहिलेली असते. मुसलमान म्हणजे उर्दू हे समीकरण आपल्या राज्यातही पुरते खरे नाही. मात्र आपल्या वऱ्हाडात बहुतेक मुसलमान घरांचे उत्तर 'उर्दू' असेच येते.

जनगणनेच्या नियमानुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलत असे ती भाषा. या व्याख्येप्रमाणे आपल्या घरची भाषा तपासली तर काय आढळते? पुस्तकात 'मुझे' असते, घरी 'मेरेकू' असते. पुस्तकात 'नहीं चाहिए', घरी 'नक्को'. हा 'नक्को' मराठीच्या 'नको'चा सख्खा भाऊ होय. ही आपली दखनी. तिला कोणी बिघडलेली उर्दू म्हणून हिणवू नये. वली औरंगाबादी यांचे नाव उर्दू शायरीच्या आरंभकाळात आदराने घेतले जाते, आणि ते याच दख्खनच्या मातीतले होते. उत्तरेत फारसीचा बोलबाला असताना दख्खनमध्ये या बोलीत शायरी होत होती.

देवाणघेवाण एकतर्फी झालेली नाही. आपल्या शेजारचा शेतकरी वऱ्हाडीत 'तो येऊन राहिला' असे म्हणतो. पुण्याकडचा मनुष्य 'तो येत आहे' म्हणेल. वऱ्हाडी वाक्याची घडण 'वो आ रहा' या वाक्याशी जुळते हे कोणाच्याही ध्यानात येईल. शेजारी राहून दोन घरांनी एकमेकांच्या चुलीतला विस्तव नेला, त्याचीच ही खूण आहे.

फारसी वर, मोडी खाली

हा विस्तव कसा पेटला? वऱ्हाडात इमादशाहीची स्थापना १४९० साली झाली. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर हे तिचे प्रमुख ठाणे. १५७४ साली हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत गेला, १५९६ साली मोगलांकडे आला आणि १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली राहिला. या सर्व काळात दरबाराची भाषा फारसी होती. परंतु गावचा हिशेब फारसीत नव्हता. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे वतनदार आपली दप्तरे मराठीत, मोडी लिपीत ठेवीत. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) तर महसुलाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली. वरती फारसी मजकूर आणि खाली मोडीत मराठी मजकूर, असे दुहेरी कागद दख्खनमध्ये आजही जुन्या दप्तरांत पाहावयास मिळतात.

या शेजारामुळे मराठीत शेकडो फारसी-अरबी शब्द मुरले. तालुका, जिल्हा, अर्ज, वकील, जामीन, दावा, हजर, दप्तर, कागद, शाई ही कचेरीतली नावे झाली. शेतकऱ्याच्या तोंडचे खरीप, रब्बी आणि हंगाम हेही शब्द तिकडचेच. माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, त्यावरून या देवाणघेवाणीचा विस्तार केवढा होता याची कल्पना येते.

या काळाकडे पाहताना एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या मराठी घराण्यांनी कारभारात जम बसविला, त्यांनी फारसी शिकून घेतली. पण घरची मराठी सोडली नाही. ती भाषा घरात, हिशेबात, ओव्या-अभंगांत पक्की होती, आणि फारसी तिच्यावर चढविलेला दुसरा मजला होता. त्याच काळात मुसलमानांनीही मराठी परकी मानली नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. आपल्या काळातले उदाहरण द्यावयाचे तर १९९० साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. संतसाहित्याचे एवढे मोठे अभ्यासक आपल्यातून झाले याचा अभिमान विद्यार्थ्यांनी अवश्य बाळगावा.

पैनगंगेच्या दोन तीरांवर

इतिहासाचा सर्वांत मोठा धडा मात्र आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच आहे. वाशीम आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. आज एस.टी.ने ती ओलांडताना कोणाला काही जाणवत नाही. परंतु एके काळी या नदीच्या दोन तीरांवर दोन वेगवेगळ्या राजभाषा होत्या.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. निजामाच्या रक्षणासाठी म्हणून ठेवलेल्या फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचे कारण होते. पैनगंगेपलीकडचा मराठवाडा मात्र निजामाकडेच राहिला. इंग्रजी अमलात वाशीम, तेव्हाचे 'बासिम', हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि वाशीमचा भाग अकोला जिल्ह्यात गेला. इकडे कचेरीचे रोजचे कामकाज मराठीत आणि वरिष्ठांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालू लागला. तिकडे निजामाच्या राज्यात १८८० नंतरच्या दशकात फारसी जाऊन उर्दू ही सरकारी भाषा झाली, आणि माध्यमिक शिक्षणही प्रामुख्याने उर्दूतूनच मिळू लागले.

आता दोन्ही तीरांवर काय घडले ते पाहू. अलीकडच्या तीरावर मुसलमान घरांतील जुनी विद्या फारसी-उर्दूची होती. कचेरीत तिचा भाव उतरला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला अवचित मोल आले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. कापसाबरोबर बाजार आला, जिनिंग आले, तारघर आले, आणि या सर्वांबरोबर इंग्रजी आली. ज्यांच्या घरात मराठी लिहिणे-वाचणे होते त्यांनी तिच्या खांद्यावर इंग्रजी चढविली आणि ते पुढे गेले. आपण बरेच मागे राहिलो. जी विद्या हाती होती ती कचेरीत चालेना, आणि जी चालत होती ती हाती धरण्यास मन धजेना. हे एकट्या वऱ्हाडात घडले असे नव्हे. १८७१ साली लॉर्ड मेयोच्या सरकारने मुसलमानांच्या शिक्षणाविषयी ठराव केला, आणि १८८२ च्या हंटर आयोगाने त्याचा स्वतंत्र विचार केला, यावरून दुखणे देशभर होते हे दिसते.

पलीकडच्या तीरावर उलटा देखावा होता. तेथे मराठी बोलणाऱ्या हिंदू मुलाला घरच्या भाषेत माध्यमिक शाळा मिळत नव्हती. त्याला उर्दूचा डोंगर चढावा लागे. कित्येक मुले त्या पायथ्याशीच थांबली. जी चढली ती मात्र मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तयार झाली. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि चक्र पुन्हा फिरले. ज्यांची सारी मदार कचेरीतल्या उर्दूवर होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. १९५६ साली विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा झाली.

वाचकहो, शंभर वर्षांच्या आत एका नदीच्या दोन काठांवर फारसी, उर्दू, इंग्रजी आणि मराठी या चार भाषांनी कचेरीची खुर्ची भूषविली. यावरून दोन गोष्टी निघतात. कचेरीची भाषा ही पाहुणी असते. ती आली की तिचे स्वागत करावे आणि ती शिकून घ्यावी. जो समाज तिच्याकडे पाठ फिरवतो त्याचे नुकसान होते. दुसरी गोष्ट अशी की पाहुणीसाठी घर मोडावयाचे नसते. ज्याची घरची भाषा लिहिण्या-वाचण्यात पक्की, तोच नवी भाषा लवकर उचलतो आणि राज्य बदलले तरी उभा राहतो.

इंग्रजीशी वैर कोणाचेच नव्हते

आपल्याकडे असा एक समज आहे की उर्दूचे प्रेम म्हणजे इंग्रजीला विरोध. इतिहास याची साक्ष देत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूर येथे 'सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली, तिचे काम इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्याचे होते. पुढे त्यांनीच अलीगढला इंग्रजी शिक्षणाची संस्था उभारली. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांतील बद्रुद्दीन तय्यबजी यांचे मूळ घराणे गुजराती बोलणारे. त्या कुटुंबाने जाणूनबुजून उर्दू घरात आणली. तेच तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर झाले आणि १८८७ साली मद्रास येथे राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. घरची भाषा आणि इंग्रजी यांचे भांडण त्यांना कधी जाणवले असेल असे दिसत नाही.

त्याहून महत्त्वाचे उदाहरण उस्मानिया विद्यापीठाचे. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शास्त्र, गणित, कायदा, वैद्यक हे विषय उर्दूतून शिकविले जात. त्यासाठी खास भाषांतर विभाग होता. परंतु त्याच विद्यापीठात इंग्रजी हा विषय प्रत्येकास अनिवार्य होता, ही गोष्ट आपण विसरतो. समजून घेण्यासाठी आपली भाषा आणि जगाशी व्यवहार करण्यासाठी इंग्रजी, अशी ती वाटणी होती.

आपले माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच हैदराबाद संस्थानातले. घरची भाषा तेलुगू, शिक्षणात उर्दूचा संबंध, मराठी इतकी उत्तम की हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत आणली, आणि इंग्रजीवर तर प्रभुत्वच. विदर्भातील रामटेक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे घर रामेश्वरमच्या तमिळ बोलणाऱ्या मुसलमानाचे. त्यांचे प्राथमिक शिक्षण तमिळमध्येच झाले. तमिळ त्यांच्या अग्निबाणाच्या आड आली नाही!

परकी भाषा शिकण्याला धर्माची हरकत असल्याचेही कोणी समजू नये. पैगंबरसाहेबांच्या (स.) सांगण्यावरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी यहुद्यांची लिपी थोड्याच दिवसांत आत्मसात केली, ही हकीगत हदीसच्या ग्रंथांत आलेली आहे. पत्रव्यवहार विश्वासाने व्हावा म्हणून ती शिकावयाची होती. प्रयोजन किती व्यवहारी होते पाहा!

मग अडते कोठे?

२०११ च्या जनगणनेत भारतात इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम २ लाख ६० हजार होते. परंतु दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असे सांगणारे सुमारे १२ कोटी ९० लाख भरले. म्हणजे या देशात ज्यांना इंग्रजी येते त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांच्या घरी दुसरीच भाषा बोलली जाते. घरी इंग्रजी नाही म्हणून आमचे मूल मागे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. तरीही शेकडा नव्वदांच्या जवळपास लोकांपर्यंत इंग्रजी पोहोचली नाही हेही तितकेच खरे आहे. अडचण घरच्या भाषेत नसेल तर ती कोठे आहे?

वर्गात उभा राहणारा शिक्षक म्हणून मी प्रथम स्वतःकडे बोट दाखवितो. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मी इंग्रजीचा धडा वाचावयाचो आणि ओळ न् ओळ उर्दूत अर्थ सांगावयाचो. मुले अर्थ उतरून घेत, पाठ करीत आणि पास होत. एक दिवस शाळा-तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी नववीतल्या हुशार मुलीला इंग्रजीत एवढेच विचारले की, तू शाळेत कशी येतेस? तिला प्रश्न समजला होता. पाठ्यपुस्तकातील बारा धड्यांचे अर्थ तिला मुखोद्गत होते. पण 'मी पायी येते' हे वाक्य तिच्या तोंडून निघेना. मान खाली घालून ती उभी राहिली, आणि मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. ती नापास झाली नव्हती. मी झालो होतो. मी तिला इंग्रजीविषयी सांगितले होते. इंग्रजी बोलण्याची संधी एकदाही दिली नव्हती.

तेव्हापासून मी मुलांच्या चुकांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आपली मुले 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणतात. त्याला हसण्यात अर्थ नाही. आपल्या बोलीत शब्दाच्या आरंभी असे जोडाक्षर जिभेला जड जाते, म्हणून ती आधी 'इ'चा टेकू घेते. कारण कळले की आठ दिवसांच्या सरावाने टेकू सुटतो. उर्दू आणि मराठी दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. म्हणून मुलांची वाक्ये उलटतात. इंग्रजीतील 'ए', 'ॲन' आणि 'द' या उपपदांना आपल्या भाषांत जोड नाही. म्हणून ती गळतात. लिपी एकीकडे उजवीकडून डावीकडे, दुसरीकडे डावीकडून उजवीकडे जाते. म्हणून पहिली दोन वर्षे डोळा गोंधळतो.

पण उर्दूच्या मुलाजवळ काही भांडवलही आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे? इंग्रजीतील 'एफ' आणि 'झेड' यांचे उच्चार उर्दूत मुळातच आहेत. 'फन' आणि 'झू' त्याला वेगळे शिकवावे लागत नाहीत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, त्यामुळे मीम आणि लाम एवढेच पाहून शब्द 'मिल' आहे की 'मल' आहे हे संदर्भाने ओळखण्याची सवय त्याच्या डोळ्यांना झालेली असते. इंग्रजीच्या लहरी स्पेलिंगपुढे ही सवय उपयोगी पडते असा माझा वर्गातला अनुभव आहे. शब्दांचे म्हणाल तर 'अल्जिब्रा' हा शब्द अरबीतील 'अल-जब्र' वरून आला. आणि ज्या कापसावर आपला वऱ्हाड पोसला गेला त्याचे इंग्रजी नाव 'कॉटन' हे अरबी 'कुत्न' वरून आलेले आहे. इंग्रजीच्या घरात आपले जुने पाहुणे आधीच बसलेले आहेत.

काय करता येईल?

घटनेच्या ३५०-अ या कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. १९६७ साली स्थापन झालेली 'बालभारती' उर्दूसह आठ भाषांत पुस्तके काढते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते, आणि २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. काही उर्दू शाळांतून गणित व विज्ञान इंग्रजीत घेण्याची सेमी-इंग्रजी पद्धतही आहे. सोयी आहेत. त्या वापरण्याची इच्छा हवी. तांड्यावरच्या बंजारा लेकराला तर स्वतःच्या बोलीत शाळाही नाही. ते पहिलीत मराठी शिकते आणि त्याच बरोबर इंग्रजीही. त्याच्या तुलनेत आपले मूल भाग्यवान म्हटले पाहिजे.

पालकबंधू आणि भगिनींना माझी नम्र विनंती अशी की, पहिली चार-पाच वर्षे मुलाची एक भाषा लिहिण्या-वाचण्यात पक्की होऊ द्यावी. ती उर्दू असो वा मराठी. माध्यम निवडताना इमारत आणि टाय पाहू नये. शिकविणारास इंग्रजी येते काय आणि मुलाला समजते काय ते पाहावे. इंग्रजी माध्यमाची चांगली शाळा जवळ असेल आणि घरी अभ्यास घेणारे कोणी असेल तर जरूर घालावे. पण मग घरी उर्दूचे वाचन सोडू नये. मराठीकडे परीक्षेपुरता विषय म्हणून पाहू नये. तहसील, बँक, दवाखाना, कोर्ट, तलाठी या सर्वांची भाषा मराठी आहे, आणि मराठीत अर्ज लिहिता न येणारा मनुष्य आपल्याच गावात परका ठरतो. मुलींना भाषा लवकर येतात असा माझा अनुभव आहे. त्यांना दहावीनंतर घरी बसवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो की रोज पाच वाक्ये इंग्रजीत स्वतःची म्हणून बोला. पाठ केलेली नकोत. चुकली तरी चालतील. घरची बोली बोलताना लाजू नका आणि पुस्तकी उर्दू शिकताना कंटाळू नका. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, नव्या गणनेसाठी २०२७ हे वर्ष जाहीर झाले. प्रगणक दारी आला की मातृभाषेच्या पुढे आणखी दोन भाषा विचारतो. त्या दोन जागी मराठी आणि इंग्रजी ही नावे खरेपणाने सांगता येतील अशी तयारी करा.

शेवटी त्या फळवाल्या पालकांविषयी. तीन वर्षांनी, मुलगा आठवीत जाण्याच्या वेळी, ते पुन्हा आमच्या शाळेत आले. फी भागत नव्हती हे एक कारण होते. दुसरे त्यांनी हळूच सांगितले : मुलाला पुस्तकातले काही समजत नाही. मी त्याला जवळ बसविले. इंग्रजी कविता त्याने न अडखळता म्हणून दाखविली, अर्थ विचारला तेव्हा तो गप्प राहिला. उर्दू वाचताना तो अक्षरे जुळवीत होता, मराठी अर्जाची सुरुवात कशी करावी हे त्याला माहीत नव्हते. मुलगा मंद नव्हता. त्याच्या पायाखालची एक फळी काढली गेली होती आणि दुसरी नीट बसविली गेली नव्हती.

आम्ही उर्दूपासून आरंभ केला. पहिले वर्ष जड गेले. दुसऱ्या वर्षी तो वर्गात इंग्रजीत तोडकेमोडके प्रश्न विचारू लागला. यंदा तो दहावीत आहे. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही, परंतु परवा त्याने वडिलांसाठी नगरपरिषदेस मराठीत अर्ज लिहिला आणि तो मला तपासण्यास दाखविला. दोन चुका होत्या. वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "सर, इसकू अब तीनों आते. पर घर में हम उर्दूच बोलते."

त्यांच्या बोलण्यातला तो 'च' मला या वेळी फार गोड वाटला.

(लेखक बी.ए., बी.एड. असून वाशीम जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत सहाय्यक शिक्षक आहेत.)